नजर खिळवणारे आणि नजर चुकवणारे : रस्त्यावरचे कलावंत व चोर यांच्यावरची हलकीफुलकी एकांकिका कशी लिहावी आणि बसवावी

स्पर्धेसाठी पहिल्यांदाच संहिता लिहायला बसलेली महाविद्यालयीन मुले ज्या मोजक्या विषयांकडे वळतात, त्यांत रस्त्यावर खेळ करणारे कलावंत आणि त्यांच्याभोवतीच्या गर्दीत हात मारणारे चोर हा विषय हमखास असतो. त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. नेपथ्य फारसे लागत नाही, ढोलकीवर थाप पडली की प्रेक्षक सावरून बसतो, पाठलाग असतो, वेषांतर असते, पकडले जाण्याची धास्ती असते आणि कुणाचा जीव जात नाही. तरीही या विषयावरच्या बऱ्याच एकांकिका पहिल्या दहा मिनिटांनंतर रेंगाळू लागतात, कारण लेखकाने कलावंत आणि चोर यांना मनातल्या मनात एकाच माळेचे मणी मानलेले असते. दोघेही फाटके, दोघेही बोलघेवडे आणि दोघेही चलाख असले की रंगमंचावर दोन माणसे उरत नाहीत, एकच माणूस दोनदा दिसतो.

वास्तविक या दोघांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. कलावंताला लोकांची नजर हवी असते, कारण तीच त्याची कमाई असते. चोराला ती नको असते, कारण ती पडली की त्याचा धंदा संपतो. कलावंताने मेहनतीने गोळा केलेल्या नजरेच्या आडोशाला चोर आपले काम उरकतो आणि त्याचा डाग मात्र कलावंताला लागतो. ही विरोधाची जागा ओळखली की कथानक, विनोद आणि हालचाल तिघांनाही दिशा मिळते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : चोर ठरवण्याआधी चोरी ठरवावी

नवोदित लेखक आधी चोराचे पात्र रंगवतो, त्याला एखादे गमतीदार नाव देतो, त्याची लकब ठरवतो आणि मग त्याने काय चोरावे याचा विचार करतो. हा क्रम उलटा करावा. हलक्याफुलक्या नाटकात चोरीला गेलेली वस्तू लहान असावी, तिची बाजारातली किंमत थोडी असावी, पण ज्याची ती आहे त्याच्या दृष्टीने ती अनमोल असावी. या लेखात उदाहरणासाठी आपण एक पाकीट घेऊ. तालुक्याच्या आठवडी बाजारात बांगड्या भरणाऱ्या एका बाईंचे ते पाकीट आहे, त्यात तीनशे चाळीस रुपये आहेत आणि सराफाकडे ठेवलेल्या मंगळसूत्राची गहाणाची पावती आहे. पैसे गेले तर त्या हळहळतील; पावती गेली तर घरी काय सांगायचे, हा प्रश्न उभा राहील. एवढ्या एका कागदामुळे प्रेक्षक बाईंच्या बाजूने उभा राहतो आणि पाकीट प्रत्येक वेळी या हातातून त्या हातात गेले की त्याचा जीव वरखाली होतो.

चोरीचा प्रकार ठरवताना कायद्याची किमान ओळख करून घ्यावी. ती संवादात घालण्यासाठी लागत नाही, नाटकाचा तोल सांभाळण्यासाठी लागते. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालेली असल्याने आजच्या काळात घडणाऱ्या एकांकिकेतल्या हवालदाराच्या तोंडी 'तीनशे एकोणऐंशी लावीन' हे वाक्य आता शोभत नाही. नव्या संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, हिसकावून पळण्यासाठी कलम ३०४ असा स्वतंत्र गुन्हा आहे, जबरी चोरीसाठी ३०९ आणि दरोड्यासाठी ३१० आहे. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली की तिला दरोडा म्हणतात. रंगमंचावर चाकू निघाला की विनोद तिथेच संपतो, असे मी अनेक वर्षे तालमीत सांगत आलो आहे, आणि कायद्याची वर्गवारीही तेच सांगते, कारण धाक दाखवताच गुन्ह्याची जातच बदलते. म्हणून आपले चोर दोनच ठेवावेत, त्यांच्या हातात शस्त्र नसावे आणि त्यांनी कुणाला साधे ढकलूही नये. चोरांची मोठी टोळी दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण टोळीने केलेल्या पाकीटमारीसारख्या गुन्ह्यांसाठी कलम ११२ आहे आणि त्यात एक ते सात वर्षांची शिक्षा आहे. एवढे ओझे हलक्या नाटकाला पेलत नाही.

याच कलम ३०३ मध्ये एकांकिकाकाराला फार उपयोगी पडणारी एक तरतूद आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. आपले पाकीट या मर्यादेत बसते. शेवट तुरुंगातही नको आणि चोराला सरसकट माफीही नको, अशा पेचात सापडलेल्या लेखकाला त्याच बाजाराचे पटांगण झाडणारा चोर दाखवता येतो.

दुसरी पायरी : 'रस्त्यावरचा कलावंत' न लिहिता नेमका कोण ते लिहावे

पात्रयादीत 'एक कलावंत' असे लिहून चालत नाही. महाराष्ट्रात रस्त्यावर, अंगणात आणि जत्रेत कला दाखवणाऱ्यांची परंपरा इतकी विविध आहे की प्रत्येकाचे कसब वेगळे कथानक घेऊन येते. डोंबाऱ्याचा खेळ दोरावरचा आणि कसरतीचा असल्याने तो गर्दीची मान वर करतो. रस्त्यावरचा जादूगार वाट्या आणि गोळ्यांच्या खेळात उजव्या हाताकडे बघायला लावून डाव्या हाताने काम उरकतो, म्हणजे चोराची विद्या तो उघड, सांगून आणि प्रामाणिकपणे करतो. गोंधळ्यांकडे संबळ आणि तुणतुणे तर असतेच, शिवाय करपल्लवी आणि नेत्रपल्लवी असते. बोटांच्या आणि डोळ्यांच्या खुणांनी एक गोंधळी दुसऱ्याला गर्दीतल्या माणसाचे नाव किंवा वस्तू कळवतो. गुन्ह्याच्या गोष्टीत अशी मूक भाषा हाताशी असणे हे लेखकाचे भाग्य आहे, आणि तरी ती कुणी फारशी वापरत नाही याचे मला वाईट वाटते.

माझ्या मते या विषयासाठी सर्वांत सकस पात्र बहुरूप्याचे आहे. बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात उभा राहतो, खोटे वॉरंट बजावतो, दरडावतो, मग हसवतो आणि बिदागी घेऊन जातो, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी आपल्या अंगणात पाहिले आहे. म्हणजे आपल्या नाटकात खोटा पोलीस आहे, खरा चोर आहे, आणि चोराला खोटा पोलीस खरा वाटतो. त्यांची पहिली भेट अशी लिहिता येईल. बहुरूपी तात्या खाकी टोपी सारखी करत बाजाराच्या तोंडाशी येतात आणि समोर आलेल्या पहिल्याच माणसाला सवयीने हटकतात. तो माणूस नेमका आपला पाकीटमार भिक्या असतो.

"नाव?" तात्या विचारतात.

"कुठलं पाकीट?" भिक्या म्हणतो.

एवढ्या दोन शब्दी उत्तरात भिक्याचे सगळे बिंग फुटते. इथे हसू येते ते भिक्याच्या मनातल्या भीतीमुळे. तात्यांच्या विटक्या गणवेशामुळे येत नाही. नवोदितांनी हा फरक प्रत्येक विनोदाला लावून पाहावा. फाटके कपडे, भूक, शिक्षण नसणे किंवा एखाद्याची बोली यांच्यावर उभा असलेला विनोद संहितेतून काढून टाकावा, कारण प्रेक्षक त्याला हसला तरी पुढच्या प्रसंगात त्या पात्राची बाजू घेत नाही.

बहुरूप्याच्या वेषामागेही कायद्याचा एक बारकावा आहे. सरकारी नोकराचा गणवेश घालणे हा गुन्हा ठरतो तो फसवण्याच्या इराद्याने घातला तर. कलम २०५ त्यासाठी आहे. तात्यांचा इरादा करमणुकीचा आहे, पण ज्या क्षणी ते भिक्याची भीती ओळखून खऱ्या पोलिसासारखे वागू लागतील, त्या क्षणी ते स्वतः त्या रेषेवर उभे राहतील. चोराला पकडायचे तर कलावंताला गुन्हा करावा लागेल, हा पेच मध्यभागी ठेवला की एकांकिकेचा दुसरा भाग आपोआप उभा राहतो.

प्राण्यांविषयी थोडक्यात सांगतो. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली, आणि साप बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. त्यामुळे मदारी, दरवेशी किंवा गारुडी आजच्या काळात दाखवायचा असेल तर खेळ हातातून गेलेला माणूस म्हणूनच दाखवावा लागेल. ते स्वतंत्र आणि गंभीर नाटक आहे. इथे त्याची भर घालू नये.

तिसरी पायरी : लिहिण्यापूर्वी एक इतिहास जाणून घ्यावा

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते आणि म्हणूनच मी तिच्यावर थांबणार आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या नावांची नोंदणी केली, पोलिसांकडे हजेरी सक्तीची केली आणि गावाबाहेर जायचे तर परवाना मागितला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट, म्हणजे सक्तीच्या वसाहती, उभ्या राहिल्या. त्या यादीत ज्यांची उपजीविका फिरण्यावर होती असे कितीतरी समूह ओढले गेले, कारण एका जागी न राहणारा माणूस सरकारच्या हिशेबात संशयित होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि हे समूह विमुक्त म्हणवले जाऊ लागले. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाही.

या इतिहासाचे अवशेष आपल्या रोजच्या शब्दांत आहेत. 'भामटा' आणि 'उचल्या' हे शब्द आपण ठग आणि चोर या अर्थाने सहज वापरतो, पण ती माणसांच्या समूहांचीही नावे आहेत. म्हणून संहितेत 'पाकीटमार', 'खिसेकापू' किंवा 'भुरटा चोर' असे कामावरून पडलेले शब्द वापरावेत आणि चोराच्या तोंडी किंवा चोराविषयी कोणत्याही जमातीचे नाव येऊ देऊ नये. चोराचे आडनाव, गाव आणि बोली यांवरून त्याची जात ओळखू येईल अशी रचनाही करू नये. भिक्या हा बाजारात हमाली सुटलेला, शहरातून आलेला, कुणाच्याही घरातला मुलगा असू शकतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते आणि ती निव्वळ अफवा होती. आपली हलकीफुलकी एकांकिका आठवडी बाजारातच घडते आहे, तेव्हा 'चोर, चोर' अशी आरोळी लिहिताना हे विसरता येत नाही. माझा सल्ला असा आहे की बाजारातल्या गर्दीला नाटकातले तिसरे मुख्य पात्र समजावे. ती टाळ्या वाजवते, ती पैसे टाकते आणि तीच क्षणात वळून खेळ करणाऱ्याची झोळी तपासायला मागते. त्या एका क्षणी प्रेक्षागृहातले हसणे थांबले पाहिजे, पाच-सात सेकंद खरी भीती जाणवली पाहिजे, आणि मग तात्यांनी किंवा डोंबाऱ्याच्या मुलीने आपल्या कसबाने तो क्षण परतवला पाहिजे. नाटक हलके ठेवायचे असेल तर ही भीती वगळून चालत नाही, कारण तिच्याशिवाय सुटकेचे हसू येत नाही.

चौथी पायरी : सांगाडा उभा करताना उलट्या चोरीकडे जावे

चोरांवरच्या हलक्या नाटकाची आपल्याकडे फार जुनी आणि फार चांगली शाळा आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या दहा अंकी संस्कृत नाटकात दुसऱ्या अंकात जुगारात हरलेला संवाहक पाठलाग चुकवण्यासाठी उलट्या पावलांनी एका रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे त्याला ओळखतात, पण धरत नाहीत. त्याच्यासमोर बसून फासे टाकू लागतात, आणि फाशांच्या आवाजाने त्या मूर्तीला राहवत नाही. पात्राचा स्वभावच त्याला पकडून देतो, हे यातले शिकण्यासारखे तंत्र आहे. तिसऱ्या अंकात शर्विलक हा चोर भिंतीला भोक पाडण्याआधी त्याच्या सात आकारांचा शास्त्रोक्त विचार करतो आणि मोजपट्टी विसरल्यामुळे जानव्याने माप घेतो. आपल्या कामाविषयी त्याला वाटणारी ही निष्ठाच हास्य निर्माण करते.

पण नवोदितांनी सर्वांत बारकाईने चौथा अंक वाचावा. शर्विलकाने दागिने चोरलेले असतात ते आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दास्यातून सोडवण्यासाठी. आणि तीच त्याला सांगते की हे दागिने जिचे आहेत तिला परत कर. ज्याच्या घरातून ते चोरले त्या चारुदत्ताचा निरोप्या असल्याचे सांगून तो ते परत करतो. चोरापुढचे सगळ्यांत अवघड काम चोरलेली वस्तू परत ठेवणे हे असते, कारण घेताना फक्त हात लागतो आणि ठेवताना धैर्यही लागते.

आपल्या एकांकिकेचा कळसही हाच असावा. भिक्या आणि त्याची साथीदार शेवंता यांनी पाकीट मारले, तात्यांना पोलीस समजून घाबरून ते डोंबाऱ्याच्या ढोलात टाकले, बाजारात ओरड झाली आणि संशय खेळ करणाऱ्यांवर आला. आता कलावंतांची अब्रू वाचवायची असेल तर पाकीट बाईंच्या पिशवीत परत गेले पाहिजे, आणि सगळा बाजार त्या पिशवीकडे डोळे लावून बसलेला आहे. चोराला नजर चुकवायची आहे आणि आता ती चुकवून देणे फक्त कलावंतांनाच शक्य आहे. ज्यांच्या खेळाचा त्याने आजवर फुकट आडोसा घेतला, त्यांच्याकडे त्याला तो मागावा लागतो. डोंबाऱ्याची मुलगी पुन्हा दोरावर चढते, गोंधळी करपल्लवीने शेवंताला खूण करतो, तात्या ऐन वेळी खोटे वॉरंट वाचू लागतात आणि भिक्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पिशवीत काहीतरी ठेवतो. त्यानंतर त्याने पळून जावे की थांबावे, हे ठरवण्याचे काम लेखकाचे आहे. माझी पसंती थांबण्याला आहे, कारण पहिल्या पायरीत सांगितलेली सामुदायिक सेवा त्यामुळेच शक्य होते.

पस्तीस ते चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत एकूण तीन वेळा पाकीट हलावे. पहिली चोरी प्रेक्षकांना पूर्ण दिसावी, म्हणजे पद्धत त्यांना समजते. दुसऱ्या वेळी प्रेक्षकही फसावा. तिसऱ्या वेळी, म्हणजे परत ठेवताना, प्रेक्षकाला सगळे माहीत असावे आणि रंगमंचावरच्या गर्दीला काहीच माहीत नसावे. ढोल, पिशवी, झोळी आणि खिसा यांपैकी पाकीट कोणत्या पानावर कुठे आहे याचा तक्ता संहितेच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावा, कारण पाकिटाचा माग लेखकाच्या हातून सुटला की तो प्रेक्षकाच्याही हातून सुटतो.

पाचवी पायरी : संवाद

इथे फार सांगण्यासारखे नाही. भटक्या समूहांच्या आपसातल्या पारुषी बोली त्यांनी परक्यांपासून राखून ठेवलेल्या असतात. ऐकीव शब्द उचलून त्या चोरांच्या तोंडी घालू नयेत. भिक्या आणि शेवंतासाठी आपली स्वतःची सांकेतिक भाषा तयार करावी. ती बाजारातल्या भाज्यांची असली तरी चालते. 'मेथी जुडी मोकळी आहे' म्हणजे पाकीट वरच्या खिशात आहे आणि 'पाऊस येतोय' म्हणजे पोलीस आले, इतके सोपे संकेत प्रेक्षक दोन प्रसंगांत शिकतो आणि तिसऱ्या प्रसंगात खरा भाजीवाला मेथीची आरोळी देतो तेव्हा मनापासून हसतो. तात्यांना सगळ्यांनी 'तात्या' आणि 'अहो' म्हणावे, बांगड्यांच्या बाईंना 'मावशी' म्हणावे. भिक्याने तात्यांना खरे ओळखल्यावर 'साहेब' सोडून 'तात्या' म्हणायला सुरुवात केली, की वेगळा खुलासा लिहावा लागत नाही.

सहावी पायरी : तालमीत पाकीट दिसले पाहिजे

आमच्या गटाने या विषयावरची एकांकिका पहिल्यांदा केली तेव्हा बाजारातून साधे काळे पाकीट आणले होते. चोराची पँटही गडद होती आणि संध्याकाळचा बाजार म्हणून प्रकाश पिवळट ठेवला होता. तालमीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली सगळे दिसत असे, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. प्रयोगात मात्र पाचव्या रांगेच्या मागे कुणालाच चोरी दिसली नाही, आणि पुढच्या प्रसंगातले ज्या वाक्यावर हमखास हशा येईल असे वाटत होते ते वाक्य शांततेत विरले. पुढच्या फेरीआधी आम्ही लाल कापडाचे, नेहमीपेक्षा दीडपट मोठे आणि टोकाला पिवळा गोंडा असलेले पाकीट शिवून घेतले. चोर ते खिशातून ओढू लागला की गोंडा आधी बाहेर येई आणि प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होई. वास्तवात असे पाकीट कुणी वापरत नाही, हा आक्षेप एकाही प्रेक्षकाने घेतला नाही.

आता हालचालीविषयी. पाकीटमारीचे काम साधारणपणे वाटून केलेले असते. एक जण माणसाचे लक्ष वेधतो किंवा वाट अडवतो, दुसरा हात घालतो आणि माल तत्काळ तिसऱ्याकडे सरकतो, म्हणजे ज्याला धरले त्याच्या अंगावर काही सापडत नाही. आपल्याकडे दोनच चोर असल्याने तिसऱ्याची जागा डोंबाऱ्याचा ढोल घेतो, आणि म्हणूनच निरपराध कलावंत अडकतो. हा क्रम पहिले तीन दिवस संवादाशिवाय आणि अतिशय संथ गतीने बसवावा. मग ढोलकीचा ठेका लावून मात्रा मोजाव्यात. समेच्या आधीच्या मात्रेला शेवंता बाईंना भाव विचारते, समेवर सगळ्यांच्या टाळ्या पडतात आणि त्याच क्षणी भिक्याचा हात पिशवीत जातो. हात नेहमी प्रेक्षकाच्या बाजूचा वापरावा; मागच्या बाजूच्या हाताने केलेली चोरी कितीही सफाईची असली तरी वाया जाते.

दोरावरच्या खेळाची सर्वांना चिंता असते. खरा दोर ताणून त्यावर कुणाला, विशेषतः लहान मुलीला, चढवण्याचा विचारही करू नये. त्याऐवजी दोर प्रेक्षकांच्या डोक्यावर आहे असे मानावे. गर्दीतली आठ-दहा मुले प्रेक्षकांकडे तोंड करून उभी करावीत, सर्वांनी नजर वर, प्रेक्षागृहाच्या बाल्कनीच्या उंचीवर लावावी, आणि मुलगी दोरावरून चालते आहे त्या गतीने सर्वांच्या माना एकाच लयीत डावीकडून उजवीकडे सरकाव्यात. मध्येच तिचा तोल गेला की सगळ्यांनी एकदम श्वास रोखावा. तालीम नीट झाली असेल तर प्रेक्षकांपैकी काही जण स्वतः मागे वळून वर पाहतात. या रचनेचा दुसरा फायदा असा की गर्दीचे चेहरे समोर असल्याने त्यांच्या मागून आणि मधून सरकणारे भिक्या आणि शेवंता प्रेक्षकाला स्वच्छ दिसतात आणि गर्दीला दिसत नाहीत. मात्र गर्दीतल्या एकाही मुलाने चोराकडे तिरक्या डोळ्याने पाहिले तर सगळा खेळ मोडतो, त्यामुळे गर्दीच्या तालमीला मुख्य पात्रांइतकाच वेळ द्यावा. बहुतेक गट इथेच हात आखडता घेतात.

सातवी पायरी : कागदपत्रे

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि स्पर्धांच्या प्रवेशिकेबरोबर ते सहसा मागितले जाते, म्हणून संहिता प्रयोगाच्या बऱ्याच आधी पूर्ण करावी. वेळेची मर्यादा प्रत्येक स्पर्धेची वेगळी असते. ती नियमावलीत पाहून दोन-तीन मिनिटे हातात ठेवावीत, कारण हशा आणि टाळ्यांचा वेळही आपल्याच खात्यात मोजला जातो. हीच एकांकिका चौकात किंवा बाजारात करायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी, आणि खाकी वेषातल्या नटाला प्रयोगाच्या जागेबाहेर त्या वेषात पाठवू नये.

आठवी पायरी : रंगीत तालमीला एक पाहुणा

रंगीत तालमीच्या किमान आठवडाभर आधी, ज्यांची कला आपण रंगमंचावर दाखवत आहोत त्यांच्यापैकी कुणाला तरी तालीम पाहायला बोलवावे. बहुरूपी, गोंधळी, वासुदेव किंवा डोंबारी आपल्या तालुक्यात, जत्रेच्या वाटेवर किंवा शहराच्या कडेच्या वस्तीत भेटतात, आणि आदराने विचारले तर येतात. तालीम सुरू होण्याआधी त्यांना गोष्ट सांगावी, त्यात चोर आहे हेही सांगावे आणि कलावंत चोर नाही हेही सांगावे. तालीम चालू असताना आपण रंगमंचाकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. ढोल कसा धरावा, संबळाची काठी कुठे पडावी, वॉरंट वाचताना आवाज कुठे चढवावा हे ते न विचारता उठून दाखवतात, आणि ज्या ठिकाणी ते गप्प होतात त्या ठिकाणचे पान रात्री पुन्हा वाचून काढावे. निघताना त्यांच्या दिवसभराच्या फेरीची कमाई बुडाली आहे हे लक्षात ठेवून बिदागी सगळ्या गटासमोर, दोन्ही हातांनी द्यावी, आणि श्रेयनामावलीत नाव कसे लिहायचे हे त्यांनाच विचारून, त्यांनी सांगितले तसेच लिहून घ्यावे.